चारही गिअर पुढे

"वेल्डिंग होईल ना गं?" निर्मलाने परत विचारलं.

"नाही होणार."

"कुर्ल्याला एक जण अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग करतो म्हणे."

"करतो. पण तडा कुठे गेलाय बघ. बेअरिंग बसतं तिथेच. तो बाहेरून चिकटवून देईल, पण बेअरिंग सरळ बसणार नाही. थोड्याच दिवसांत परत माझ्याकडे येशील, आणि तेव्हा आतलंही मोडलेलं असेल."

मोटरसायकल रॅम्पवर उभी होती. चेनचा तुटलेला तुकडा रफिकने ट्रेमध्ये काढून ठेवला होता. रफिक माझा मुख्य फिटर. त्याने बॅटरी मारून आत बघितलं आणि निकाल दिला, "मॅडम, चेंबर गेला. खल्लास."

चेंबर म्हणजे इंजिनचं खालचं कवच. त्याच्या आत क्रँक, गिअर आणि तेल असतं. धावत्या गाडीची चेन तुटली की कधी कधी ती सरळ रस्त्यावर पडते आणि गाडी नुसती थांबते. कधी कधी मात्र ती पुढच्या छोट्या चक्रात गुंडाळली जाते आणि हातोडा मारावा तशी कवचावर आपटते. निर्मलाच्या गाडीचं तेच झालं होतं.

माझं गॅरेज मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटला लागून असलेल्या एका गल्लीत आहे. मी आयटीआय केलं, दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये काम केलं आणि मग स्वतःचं टाकलं. बाई इंजिन खोलते याचं नव्या गिऱ्हाइकाला पहिली पाच मिनिटं नवल वाटतं. मग तो आपल्या गाडीच्या काळजीत पडतो आणि विसरून जातो.

निर्मला साळवे माझ्याच वयाची. माणसं मूळची जालन्याकडची, ती वाढली घाटकोपरला. पुष्कळ वर्षं तिने बाइकवरून पार्सलं पोचवली. आता ती बायकांना गिअरची मोटरसायकल शिकवते. स्कूटर शिकवणारे ढिगाने आहेत. गिअरची गाडी बायकांना शिकवणारी मला तरी ही एकच माहीत आहे. तिचा बोर्ड नाही, ऑफिस नाही. रविवारी इस्टेटमधल्या कंपन्या बंद असतात आणि रस्ते रिकामे असतात. तिथे ती शिकवते. इतर दिवशी सकाळी लवकर. आम्ही एकमेकींना आडनावाने हाक मारतो, ती सवय कशी लागली ते दोघींनाही आठवत नाही.

तिची गाडी म्हणजे जुनी हंड्रेड सीसी. वजनाला हलकी, उंचीला कमी. सीटमधला फोम तिने कापून आणखी बसका केलेला, हँडल थोडं मागे घेतलेलं. पाच फुटांच्या आतल्या बाईचेही दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. आजकालच्या गाड्या उंच असतात. त्यावर चढल्यावर बुटक्या माणसाचा एक पाय हवेत राहतो, आणि शिकणाऱ्याचं निम्मं धैर्य तिथेच संपतं. म्हणून निर्मलाचा सगळा धंदा या एका म्हाताऱ्या गाडीवर उभा होता.

"बरं, मग दुसरं इंजिन टाक," ती म्हणाली. "पण मला सोमवारी गाडी पाहिजे म्हणजे पाहिजे."

"सोमवारी काय आहे?"

"मनीषाची लायसनची टेस्ट."

मनीषा शेडच्या बाहेर उभी होती. चेन तुटली तेव्हा गाडी तीच चालवत होती. ती सिक्युरिटी गार्ड. इस्टेटमधल्या एका कंपनीच्या गेटवर कित्येक वर्षं उभी राहिलेली. उभी म्हणजे खरंच उभी, तिथे बसायला बंदी आहे. एजन्सीत सुपरवायझरची एक जागा रिकामी झाली होती. सुपरवायझर म्हणजे दिवसभर मोटरसायकलवरून गेटांच्या फेऱ्या मारायच्या, कोण हजर, कोण झोपलंय ते बघायचं. एजन्सीच्या साहेबाने तिला साफ सांगितलं होतं: सोमवारी गिअरच्या गाडीची टेस्ट पास झाल्याचं दाखव, जागा तुझी. नाहीतर मी दुसरा माणूस घेतो.

"तुटली ती माझ्यामुळे का, मॅडम?" मनीषाने दारातूनच विचारलं.

"चेनमुळे तुटली," मी म्हटलं. "चेन बदल म्हणून मी साळवेला दिवाळीपासून सांगतेय."

"झालं का सांगून?" निर्मला म्हणाली. "आता इंजिन बघ."

इंजिन बदलणं म्हणजे बल्ब बदलणं नाही. प्रत्येक इंजिनवर एक नंबर ठोकलेला असतो आणि तो गाडीच्या आरसीवर असतो. इंजिन बदललं की आरटीओत गाडी दाखवून नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी इंजिन कुठून आलं त्याचे कागद हवेत. कागद नसलेलं इंजिन मी शेडमध्ये घेत नाही, मग ते कितीही चांगलं असो. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस गिऱ्हाइकाला आधी विचारतात आणि मेकॅनिकला नंतर, पण विचारतात दोघांना.

रफिक आणि मी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात गेलो. तिथे ओळखीच्या दुकानदाराकडे त्याच कंपनीचं, त्याच हंड्रेड सीसीचं इंजिन मिळालं. रीतसर भंगारात काढलेल्या गाडीचं, कागदांसकट. मी किक मारून दाब बघितला. तेल काढून बोटांत चोळून बघितलं, लोखंडाचा चुरा नव्हता. क्रँक हलवून बघितला, खेळ म्हणजे ढिलेपणा नव्हता. निर्मलाच्या गाडीपेक्षा काही वर्षं नव्या मॉडेलचं होतं, एवढाच फरक.

"सेम टू सेम आहे, मॅडम," दुकानदार म्हणाला. "डोळे मिटून बसवा."

आम्ही डोळे उघडे ठेवून बसवलं. तरी जे व्हायचं ते झालंच.

जुनं इंजिन उतरवणं सोपं असतं. तेल काढा, सायलेन्सर काढा, कार्ब्युरेटर सोडवा, क्लचची केबल सोडवा, वायरिंगचा कप्लर ओढा. मग इंजिनला चॅसीशी धरून ठेवणारे मोठे बोल्ट, आम्ही त्यांना फाउंडेशन बोल्ट म्हणतो, ते ठोकून बाहेर काढा. खाली लाकडी ठोकळा ठेवायचा, नाहीतर शेवटचा बोल्ट निघाला की इंजिन पायावर येतं. रफिक हे काम बोलत बोलत करतो. तो गप्प झाला तर समजावं की काहीतरी अडलंय.

नवं इंजिन बसवताना तो दोनदा गप्प झाला. पहिल्यांदा, पुढचं चक्र मागच्या चक्राच्या रेषेत येईना. चेन थोडी तिरकी धावली असती आणि नवी चेनही खाल्ली असती. ते आम्ही पॅकिंग वॉशर टाकून सरळ केलं. दुसऱ्यांदा, वायरिंगचा कप्लर वेगळा निघाला. रंग जुळवून वायरी जोडल्या. फाउंडेशन बोल्ट मात्र लोण्यात सुरी जावी तसे गेले. भोकं जुळली की मेकॅनिकचा निम्मा संशय जातो. तसा जायला नको, पण जातो.

पहिल्या किकला खोकलं, दुसऱ्या किकला सुरू झालं. मी इस्टेटला एक मोठी फेरी मारून आले. रफिकने मारली. पिकअप, ब्रेक, क्लच, गरम झाल्यावरचा आवाज, सगळं झकास. आरटीओतही गाडी रफिकच घेऊन गेला. निर्मला तिथे सकाळपासून रांगेत उभी होती. इन्स्पेक्टरने नंबर ताडून बघितला आणि शुक्रवारी ते काम झालं. या सगळ्यात निर्मला गाडीवर एकदाही बसली नव्हती.

शनिवारी सकाळी ती गाडी न्यायला आली. किक मारली, कान लावून ऐकलं. "आवाज गोड आहे गं," म्हणाली आणि निघाली.

गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत इंजिन किंचाळायला लागलं. पहिल्या गिअरमध्येच गाडी ओढत होती. मला वाटलं क्लच सरकतोय. तेवढ्यात तिने गाडी वळवली आणि त्याच पहिल्या गिअरमध्ये हळूहळू परत आली.

"राणे, हे इंजिन कुणाचं लावलंस?"

"का?"

"गिअर उलटे आहेत."

"उलटे कसे असतील?"

"तू बस आणि मला सांग."

मी बसले. ती म्हणत होती ते खरं होतं.

ज्यांनी गिअरची गाडी चालवलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोटरसायकलचं गिअर पेडल डाव्या पायाशी असतं. पुढचं टोक चवड्याने दाबायचं, मागचं टाचेने. निर्मलाच्या जुन्या इंजिनमध्ये चारही गिअर पुढे होते: चवड्याने दाबत जायचं, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. खाली यायचं तर टाच. आम्ही बसवलेल्या इंजिनमध्ये पहिला पुढे होता आणि बाकीचे सगळे मागे. म्हणजे पहिला चवड्याने, मग वर चढायला टाच आणि खाली यायला चवडा. कंपनीने मधल्या काळात पद्धत बदलली होती. बाहेरून इंजिन तेच. आतला एक दांडा वेगळा, ज्याच्या खाचांवरून गिअर हलतात. आम्ही त्याला ड्रम म्हणतो.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. रस्त्यावर वाटत नाही. जुन्या सवयीचा माणूस तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि त्याला वर जायचंय. तो चवडा दाबतो. गाडी वर जायच्या ऐवजी दुसऱ्यात पडते, मागचं चाक एकदम धरल्यासारखं होतं आणि गाडी सरकते. पाय विचार करून हलत नाही. म्हणून तर ती सवय.

"अपुन को कैसे नहीं समझा?" रफिक स्वतःच्याच पायाकडे बघत म्हणाला. "मी आरटीओपर्यंत नेली, मॅडम. आणली पण."

मीही फेरी मारली होती. मलाही कळलं नव्हतं. कारण साधं आहे. आम्ही दिवसभर वेगवेगळ्या गाड्या चालवतो. कुणाचे चारही पुढे, कुणाचे चारही मागे, कुणाचा एक पुढे. आमचा पाय एकदा दाबून बघतो, नाही गेलं तर दुसरीकडून दाबतो, आणि हे डोक्याला न विचारता करतो. निर्मलाच्या जागी एखादं साधं गिऱ्हाईक असतं तर त्याला मुख्य रस्त्यावर, टेम्पोच्या पुढे कळलं असतं.

तेवढ्यात मनीषा आली. ड्यूटी संपवून, युनिफॉर्ममध्येच. निर्मलाने तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी मागे बसते. कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. काय होतं ते बघू."

काय झालं ते आम्हाला शेडमधून दिसलं. सुटताना ठीक. कोपऱ्यावर वळताना मनीषाने वेग कमी करायला टाच मारली, आणि गाडी खाली यायच्या ऐवजी वरच्या गिअरमध्ये गेली. दोन हिसके बसले आणि गाडी वळणाच्या मधोमध बंद पडली. मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक मारून जे बोलायचं ते बोलून घेतलं.

ती गाडी ढकलत परत आली. निर्मला बाजूने चालत होती, पण ढकलायला हात लावत नव्हती.

"माझं गेलं ना सोमवारचं?" मनीषा म्हणाली.

"पाणी पी," निर्मला म्हणाली.

मी निर्मलाला बाजूला घेतलं. "ऐक. जुन्या इंजिनचा ड्रम चांगला आहे, तडा पलीकडे गेलाय. मी नवं इंजिन खोलते, जुना ड्रम आत टाकते. इंजिन नंबर तोच राहील, परत आरटीओ नाही. उद्या रात्रीपर्यंत देते."

"आणि जुना ड्रम नव्यात नाही बसला तर?"

"बसायला पाहिजे."

"राणे, बसेल का?"

मी रफिककडे बघितलं. रफिक गप्प होता.

"खात्री नाही," मी म्हटलं. "खोलल्याशिवाय कळणार नाही. नाही बसला तर परत होतं तसं जोडावं लागेल."

"आणि घाईत जोडताना काही राहिलं तर सोमवारी गाडीच नाही. मग त्या पोरीचं काय? शोरूमच्या उंच गाडीवर टेस्ट देऊ? तिचे पाय टेकत नाहीत."

"मग तुझं काय म्हणणं आहे?"

"इंजिन चालतंय ना? मग हात लावू नकोस."

मला राग आला. काम माझं, चूक सुधारायचा मार्ग मला माहीत, आणि ही मला पाना उचलू देत नाही. मी म्हटलं, "दीड दिवसात तिचा पाय बदलणार आहेस? तीन महिने चारही पुढे, चारही पुढे म्हणून तूच घोकून घेतलंस."

"तुम्हा दोघांना कळलं कसं नाही?" तिने एकदम विचारलं.

"सांगितलं ना. आमचा पाय कुठल्याच एका गाडीचा राहिलेला नाही. रोज दहा गाड्या असतात."

"हेच पाहिजे," ती म्हणाली. " मनीषाला तुमचा पाय पाहिजे. शेडमध्ये कुणाकुणाच्या गाड्या आहेत?"

गिऱ्हाइकांच्या गाड्यांना शिकाऊ हात लावू देणार नाही, हे मी आधीच सांगितलं. मग माझी स्वतःची गाडी काढली. रफिकची काढली. समोरच्या चहावाल्या पांडेजींची मागून आणली. निर्मलाची धरून चार झाल्या. सगळ्या मेन स्टँडवर घेतल्या, म्हणजे मागचं चाक हवेत आणि गाडी जागच्या जागी. रांगेत उभ्या केल्या.

पुढे जे बघितलं त्यासाठी मी हे लिहितेय.

निर्मलाने मनीषाची ओढणी मागितली. युनिफॉर्मवर ओढणी कुठली? मग माझ्या कपाटातला धुतलेला टॉवेल घेतला. त्याचं एक टोक हँडलला बांधलं, दुसरं मनीषाच्या कमरेला खोचलं. आता तिला स्वतःचा पाय दिसेना.

"खाली बघायचं नाही. कुठला गिअर कुठे, मला विचारायचं नाही. सुरू कर."

"कुठून चढतो ते तरी सांगा, ताई."

"मला माहीत नाही. गाडीला विचार."

मनीषाने चवडा दाबला. गिअर पडला. परत दाबला, काही नाही. ती थांबली.

"थांबलीस का? एक दार बंद आहे. दुसरं बघ."

टाच. खट्कन पडला. मागचं चाक जोरात फिरायला लागलं.

"आता मला सांग, गाडी काय म्हणतेय?"

"म्हणजे?"

"आवाज ऐक. काय म्हणतेय?"

मनीषाने थ्रॉटल पिळला. "ओरडतेय."

"का ओरडतेय?"

"तिला वरचा पाहिजे."

"मग दे."

दिला. निर्मलाने मागचा ब्रेक हळूच दाबला, म्हणजे हवेतल्या चाकावर ओझं आलं. इंजिन धडधडायला लागलं. "आता?"

"आता..." मनीषा शब्द शोधत होती. "आता कुंथतेय."

रफिक पाना टाकून हसायला लागला. पांडेजी केटली घेऊन उभे होते, तेही हसले. निर्मला हसली नाही. म्हणाली, "बरोबर. कुंथतेय. मग?"

"खालचा."

"मग दे ना. तिला किती वेळ कुंथत ठेवशील?"

असं चारही गाड्यांवर चाललं. एका गाडीवर जरा जमलं की निर्मला तिला उतरवायची आणि दुसरीवर बसवायची. पांडेजींच्या गाडीचे चारही मागे होते, तिथे मनीषा पार गोंधळली. निर्मलाने आवाज चढवला नाही. चुकलं की ती बोलतच नव्हती. हात मागे बांधून उभी राहायची आणि मनीषाला स्वतःच दुसरं दार शोधू द्यायची. मी इतकी वर्षं पोरांना काम शिकवलंय. चूक होताना बघून गप्प राहणं मला आजवर जमलेलं नाही. मी हातातून पाना हिसकावून घेते.

तिने आणखी एक गोष्ट शिकवली. ती आम्ही मेकॅनिक करतो, पण शिकवावी असं कधी मला सुचलं नाही. अनोळखी गाडीवर बसलं की निघायच्या आधी क्लच दाबून धरायचा, गाडी वीतभर पुढेमागे हलवायची, म्हणजे आतले दात जुळतात, आणि गिअर एकदा वर, एकदा खाली टाकून बघायचा. दिशा कळली की न्यूट्रलला यायचं. मगच सुटायचं.

"रोज करायचं. स्वतःच्या गाडीवर पण," निर्मला म्हणाली. "आपलीच गाडी आहे असं धरून चालायचं नाही."

रविवारी इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यावर खरी चाचणी झाली. निर्मला मागे बसली. मी रफिकला सोबत ठेवलं, कारण जोडलेल्या वायरींवर माझा अजून पूर्ण विश्वास नव्हता. पहिल्या दोन फेऱ्यांत मनीषाने दोनदा जुन्या सवयीने पाय टाकला. गाडी हिसकली, पण बंद पडली नाही. तिने लगेच क्लच ओढून दुसरीकडून गिअर टाकला. तिसऱ्या फेरीपासून हिसके थांबले. दुपारी निर्मला मागून उतरली आणि मनीषा एकटी फिरत राहिली. आम्ही तिघं फुटपाथवर बसून फक्त आवाज ऐकत होतो. कुठे गिअर चढतोय, कुठे उतरतोय, सगळं न बघता कळत होतं.

"कुंथत नाही आता," रफिक म्हणाला.

सोमवारी मी गॅरेज रफिकवर सोडून टेस्टच्या मैदानावर गेले. इंजिन माझं होतं. काही सुटलं, तुटलं तर हाताशी कुणी पाहिजे. पान्यांची पिशवी घेऊन कुंपणाशी उभी राहिले. निर्मला माझ्या बाजूला. मनीषाच्या पुढे सगळे पुरुष होते, त्यातल्या दोघांनी आठच्या आकड्यात पाय टेकला आणि त्यांना परत पाठवलं गेलं. आठचा आकडा म्हणजे जमिनीवर आखलेल्या आठमधून पाय न टेकता गाडी फिरवायची. मग सरळ जाऊन गिअर चढवायचे, उतरवायचे आणि रेघेवर थांबायचं.

मनीषाचा नंबर आला. ती गाडीवर बसली, सुरू केली आणि निघाली नाही. क्लच धरून गाडी पुढेमागे हलवायला लागली.

इन्स्पेक्टर वैतागले. "निघा ना मॅडम. पूजा करताय का गाडीची?"

"गिअर बघतेय, साहेब."

"गाडी तुमची नाही?"

"आहे, साहेब. तरी बघतेय."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. निर्मलाने माझा दंड घट्ट धरला. एरवी तिला असं काही करताना मी बघितलेलं नाही.

मनीषा निघाली. आठचा आकडा पहिल्या गिअरमध्ये, संथ, पाय पेडलवरच. मग सरळ रस्ता. इंजिन ओरडलं, टाच. परत ओरडलं, टाच. रेघ जवळ आली. इथे जुनी सवय जागी झाली असती तर टाचेने आणखी वरचा गिअर पडला असता आणि गाडी रेघेवर मेली असती. आम्ही दोघी तिच्या डाव्या पायाकडे बघत होतो. चवडा. परत चवडा. ब्रेक. गाडी रेघेवर उभी राहिली, इंजिन चालू, आणि मग तिने पाय जमिनीवर टेकला.

इन्स्पेक्टरनी खूण केली आणि पुढचा नंबर पुकारला.

मनीषा गाडी घेऊन कुंपणाशी आली. निर्मला तिला म्हणाली, "वळताना मान खाली गेली होती." एवढंच. मग दोघी तिथूनच एजन्सीत गेल्या. जागा मनीषाला मिळाली.

नंतर मी निर्मलाला म्हटलं, "आता घाई नाही. गाडी दोन दिवस दे, ड्रम बदलून देते. तुझे चारही पुढे करून टाकते. मजुरी नको."

"राहू दे."

"अगं, उलटं राहू दे?"

"सवय झाली मला. पण दर शनिवारी तुझी, रफिकची आणि पांडेजींची गाडी स्टँडवर पाहिजे. आता सगळ्यांना असंच शिकवणार."

"माझं गॅरेज आहे, साळवे. शाळा नाही."

"मग टॉवेल तरी ठेव."

ती दर शनिवारी येते. पांडेजींना आता गाडी मागावी लागत नाही, ते स्वतःच आणून स्टँडवर लावतात आणि शिकणाऱ्या बायकांना सूचना देतात. निर्मला त्यांना गप्प करते.

मनीषा मधे एजन्सीची गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आली. नव्या मॉडेलची, जरा उंच. ती सहज उतरली, चावी टेबलावर ठेवली, मागचा ब्रेक कमी लागतो म्हणाली. मी विचारलं, "हिचे गिअर कसे आहेत? एक पुढे की चारही?"

तिने थोडा विचार केला. "लक्ष नाही दिलं, मॅडम. पडतात सगळे."

आमच्या गॅरेजमध्ये त्यानंतर एक नियम झाला आहे. इंजिन बदललेल्या गाडीची पहिली ट्रायल मालक घेतो, तीही गल्लीच्या आतच, आणि आम्ही बाजूने चालतो. मी आणि रफिक त्यानंतर बसतो. आम्हा दोघांना कुठलीही गाडी चालवता येते. म्हणून गाडी बरोबर आहे की नाही हे आम्हाला विचारण्यात अर्थ नाही.